वसतिगृहातील पोळा : एक छोटासा अभ्यास
(बी. ए. द्वितीय वर्ष)

पोळा हा बैलांचा सण आहे, हे आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. तेव्हा त्यावर लेख लिहिण्यासारखे काय आहे, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. परंतु जेथे एकही बैल नाही अशा ठिकाणी, म्हणजे गडचिरोलीतील आमच्या वसतिगृहात, २०२५ साली आम्ही मित्रांनी पोळा केला. त्या दोन दिवसांत या सणाविषयी मला जे कळले, ते गावात इतकी वर्षे पोळा पाहूनही कळले नव्हते. ते येथे मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

काळ आणि कारण

पोळा श्रावणाच्या अखेरीस, पिठोरी अमावास्येला येतो. या तिथीचे शेतीतले कारण अगदी उघड आहे. आपली झाडीपट्टी म्हणजे धानाचा प्रदेश. पाऊस लागल्यापासून बैलाची मान जुवाखालून सुटत नाही. आधी नांगरणी, मग पऱ्हे, मग गुडघाभर पाण्यात बांधीची चिखलणी आणि रोवणी. रोवणी आटोपून बैल मोकळा होतो त्या सुमारास पोळा येतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हाच सण बेंदूर म्हणून आषाढात करतात. कर्नाटकात ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुणवी असते. छत्तीसगडात मात्र पोरा आपल्याच अमावास्येला असतो, आणि पलीकडे तेलंगणात आदिलाबादकडेही त्याच दिवशी बैल पूजतात. राज्यांच्या सीमा वेगळ्या असल्या तरी चिखल एकच आहे, असे म्हणावेसे वाटते.

रीत

आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होते. जुवाने घासलेला बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकून त्याला हळद व तूप चोळतात आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, नवा कासरा. आखरावर तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात, तोरण तुटते आणि बैल घरोघर जातात. घरधनीण त्यांचे पाय धुते, ओवाळते, पुरणपोळी चारते. बैल जेवल्यावर मग माणसे जेवतात. बैल घेऊन येणाऱ्याच्या हातावर काही पैसे ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात.

या बोजाऱ्याशी माझा जुना संबंध आहे. माझे बाबा सालगडी होते, म्हणजे वर्षाच्या कराराने मालकाच्या शेतात राबत. पोळ्याला मालकाची जोडी तेच धरत आणि मी त्यांच्या मागे चालत असे. मिळालेला बोजारा ते माझ्या हाती देत. लहानपणी मला त्याचा फार आनंद होई. महाविद्यालयात आल्यावर मात्र कोणी विचारले तर “वडील शेती करतात” एवढेच मी सांगत असे.

वसतिगृहातला सण

२०२५ चा पोळा २२ ऑगस्टला होता. त्याच आठवड्यात पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा रस्ता बंद झाला. माझा खोलीतला मित्र तिकडचा, माडिया समाजातला. त्याला घरी जाता येईना. त्याच्यासाठी आम्ही चौघे थांबलो. मीही त्याच्यासाठीच थांबलो असे सर्वांना सांगितले. ते अर्धेच खरे होते. त्या वर्षी मालकाने ट्रॅक्टर घेऊन जोडी विकली होती आणि बाबांचे सालही सुटले होते. बैल नसलेल्या पोळ्याला घरी जाण्याचे धैर्य मला झाले नाही.

बैल हवे म्हणून आम्ही वसतिगृहामागची माती कालवली. सर्वांत चांगली जोडी माडिया मित्राची झाली. त्याने बांबूच्या काड्यांची शिंगे लावली आणि शेवटी प्रत्येक बैलाच्या खांद्यावर अंगठा दाबून एक खळगा केला. “हा जुवाचा,” तो म्हणाला. पूर्वापार माडिया लोक गाईचे दूध काढत नसत, ते वासराचे मानत, हेही मला त्याच्याकडूनच कळले. वडसा भागातल्या मित्राने झडत्या म्हटल्या. वर्गणीतून डाळ-गूळ आणला आणि मेसच्या मावशींनी पुरण शिजवले.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. विदर्भात या दिवशी मुले लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात. आम्ही आमचे मातीचे बैल पाटावर ठेवून प्राध्यापकांच्या घरी गेलो. सरांनी कौतुक करून प्रत्येकाला दहा रुपये बोजारा दिला. माझा हात पुढे होईना. परतताना माडिया मित्राने विचारले, “हे पैसे कशाचे?”

“बैल धरून आणणाऱ्याचे.”

“बैल त्याचाच ना?”

“नाही. मालकाचा.”

“मग वर्षभर बैलाबरोबर चिखलात कोण असतो?”

“माझे बाबा,” मी म्हणालो.

एवढे बोलल्यावर पुढचे सगळे सांगावेच लागले. कोणी हसले नाही. वडशाचा मित्र तेवढे म्हणाला, “माझी आई दरवर्षी दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जाते. तिला तर बोजाराही नसतो.”

त्या रात्री आम्ही ठरवले की, आधी मावशींना वाढायचे. “मला काय बैल समजलात का रे?” असे म्हणून त्या हसल्या, पण बसल्या. जेवता जेवता सवयीने दोनदा वाढायला उठल्या. आम्ही दोन्ही वेळा त्यांना बसवले. बोजाऱ्याचे पन्नास रुपयेही त्यांनाच दिले.

तान्ह्या पोळ्यालाच नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून व पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. गावातील रोगराई, ईडापीडा तिने घेऊन जावी अशी समजूत आहे. आमच्याकडे मारबत नव्हती. तरी माझ्या मनातली एक लाज त्या दिवशी गावाबाहेर गेली, असे मला वाटते.

निष्कर्ष

या सर्वांवरून मला असे वाटते की, पोळ्याचे खरे मर्म झुलीत किंवा बेगडीत नाही. ते जेवणाच्या क्रमात आहे. जो राबतो तो आधी जेवेल, एवढे एक दिवस तरी हा सण मान्य करतो. मात्र हा मान बैलाला देऊन तो थांबतो. बैल हाकणारा चार पैशांवर आणि रोवणी करणारी त्याहूनही मागे राहते. आता ट्रॅक्टरमुळे आखरावरच्या जोड्या कमी होत आहेत. बैल नाही म्हणून सण सोडावा, असे मला वाटत नाही. त्याने शिकवलेला क्रम आपण माणसांनाही लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या रात्री मी घरी फोन केला. बाबा म्हणाले, “आखरावर गेलो होतो. हातात कासरा नव्हता, म्हणून मागे उभा राहिलो.”

पुढच्या पोळ्याला मी घरी जाणार आहे. पहिली दोन पाने आई-बाबांची वाढायची, असे ठरवले आहे.