भातावरील ठिपक्यांची परीक्षा

भाताच्या पातीवर ठिपके दिसूं लागले कीं पीक भुकेलें आहे असें समजून खाचरांत युरिया फेकण्याची घाई पुष्कळ ठिकाणीं होते. ही घाई कधीं लाभते, तर कधीं पीक बुडविते. कारण पातीवर ठिपके पाडणाऱ्या दोन मुख्य बुरशींचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत.

एक करपा. त्याचा ठिपका चरख्याच्या चातीसारखा, दोन्ही टोकांस निमुळता, मध्यें राखी व कडेस तपकिरी असतो. दुसऱ्या रोगाचा ठिपका तिळाएवढा, अंडाकृति, तपकिरी व बहुधा पिवळसर वलयाचा. हा तपकिरी ठिपका निकस किंवा पाण्यावाचून सुकलेल्या जमिनींत बळावतो. तेथें खत, विशेषतः पालाश, हेंच निम्मे औषध होय. १९४२ सालीं बंगालच्या भातावर हा रोग पसरला होता. १९४३ च्या दुष्काळाच्या कारणांत डॉ. पद्मनाभन् यांनीं १९७३ सालीं त्यास मोठें स्थान दिलें. इतर अभ्यासक मात्र युद्धकाळांतील भाववाढीस व सरकारी धोरणास अधिक दोष देतात.

करप्याचें सर्वच उलट. नत्र अधिक मिळून लुसलुशीत झालेली पात त्यास मानवते. ढगाळ हवा, रिमझिम, रात्रीचा गारवा व पहाटेचें दंव हीं जुळून आलीं म्हणजे पात फार वेळ ओली राहते व बुरशीचे बीजाणु तींत रुजतात. अशा वेळीं युरियाचा हप्ता थांबवावा. मुळांतच नत्र चिखलणीस, फुटव्यास व लोंबी धरण्याच्या वेळीं असें विभागून द्यावें. पाणीही तोडूं नये. कोरड्या पडलेल्या खाचरांत करपा अधिक माजतो.

खरा घात मात्र मानेवर होतो. लोंबीच्या देठांत बुरशी शिरली कीं मान काळी पडून मोडते व दाणे पोचट राहतात. हीच मानमोडी. खालचें पीक हिरवें दिसत असल्यानें बांधावरून पैसेवारी ठरविणारेही फसतात, हें आम्हीं महसुली नोकरींत पुष्कळदां पाहिलें आहे. मान काळी पडल्यावर त्या लोंबीस कोणतीही फवारणी वांचवीत नाहीं. म्हणून ज्या शेतांत पातीवर करपा दिसला असेल तेथें पोटरीच्या अखेरीस, लोंबी बाहेर पडूं लागतांच, ट्रायसायक्लॅझोल ७५ टक्के भुकटी १० लिटर पाण्यांत ६ ग्रॅम या प्रमाणांत फवारावी. वेष्टनावरील सूचना व कापणीपूर्वी सोडावयाचे दिवस काटेकोर पाळावे.

पुढील हंगामाची तयारी बियाण्यापासून करावी. १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बीं टाकावें व तरंगेल तें काढून टाकावें. तळचें दोन-तीनदां स्वच्छ पाण्यानें धुऊन सावलींत वाळवावें व दर किलोस ३ ग्रॅम थायरम चोळावें. डॉ. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतींत रोपांच्या वाफ्यांत भाताच्या तुसांची काळी राख मिसळतात. तींतील सिलिकानें पात टणक होते. ती गिरणीजवळ फुकट मिळते, तरी फारसा कोणी उचलीत नाहीं हें नवल!

रोगट खाचरांतील पेंढा बांधावर रचून ठेवूं नये, कारण बुरशी त्यांत दबा धरून राहते. तो आधीं गोठ्यांत संपवावा, उरल्यास खड्ड्यांत कुजवावा. आणि त्या शेताचें बीं, दाणा कितीही टपोरा दिसला तरी, धरूं नये.