पेशीतली असेंब्ली लाइन

"मेकॅनिकलच्या मुलीने प्रोटीनवर कशाला लिहायचं?" असं तुम्ही म्हणाल. पण मला तर आपल्या पेशीतही एक शॉप फ्लोअरच दिसतो!

डीएनए म्हणजे मूळ ड्रॉइंग. कामापुरती त्याची कॉपी निघते, तिचं नाव एमआरएनए. रायबोसोम ती कॉपी तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि प्रत्येक तिकडीसाठी एक अमिनो आम्ल साखळीत जोडतो. साखळी पूर्ण झाली की प्रोटीन तयार.

पण एकट्या रायबोसोमने किती माल निघणार? म्हणून पहिला थोडा पुढे सरकला की त्याच कॉपीवर मागून दुसरा चढतो, मग तिसरा... या रांगेला पॉलिसोम म्हणतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत अलेक्झांडर रिच, जोनाथन वॉर्नर आणि सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिन बनवणाऱ्या पेशी तपासल्या, तेव्हा एका कॉपीवर बहुतेक वेळा पाच रायबोसोम दिसले. वाळूजला इंडस्ट्रियल व्हिजिटमध्ये आपण पाहतो, की कामगार जागेवर आणि जॉब सरकतो. इथे कारागीर सरकतो आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचा जॉब असतो. म्हणजे पाच रायबोसोम, पाच प्रोटीन!

मात्र या रांगेत ओव्हरटेक नाही. पुढचा अडकला की मागचे तुंबतात, अगदी जालना रोडसारखे. अझिथ्रोमायसिन नेमकं हेच करतं. बॅक्टेरियाच्या रायबोसोममध्ये साखळी बाहेर पडायचा जो बोगदा आहे, त्यात ते जाऊन बसतं. आपल्या पेशीतल्या रायबोसोमची घडण वेगळी, म्हणून आपली लाइन चालू राहते.

बॅक्टेरियाही कमी नाहीत. काही जण औषध बसायची जागाच बदलून टाकतात. त्यावर तोड म्हणून आपल्याच शहरात, चिकलठाण्याच्या वोक्हार्ट संशोधन केंद्रात, नॅफिथ्रोमायसिनवर काम झालं. ते रायबोसोमला दोन ठिकाणी धरतं. एक पकड ढिली झाली तरी दुसरी राहते. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत ते जाहीर झालं. न्यूमोनियासाठी रोज एकदा, तीनच दिवस घ्यायचं.

आता हॉस्टेलचं बोलू. सर्दी आणि फ्लू व्हायरसमुळे होतात. व्हायरसकडे स्वतःचा रायबोसोम नसतोच, तो आपलेच वापरतो. मग रूममेटची उरलेली अझिथ्रोमायसिन अडवणार कुणाला? सर्दी तशीच राहते आणि शरीरातले बाकीचे बॅक्टेरिया मात्र त्या औषधाला दाद न देणारे होत जातात. उद्या खरंच न्यूमोनिया झाला, तर तीच गोळी कदाचित लागू पडणार नाही.

नवं अँटिबायोटिक घडवायला कित्येक वर्षं लागतात, ते निकामी करायला आपली एक रूम पुरते. म्हणून आधी डॉक्टर, मग गोळी!