छतावर सोलर बसवायचंय? आधी कॅल्क्युलेटर काढा

व्हिडिओत गणित भराभर झालं, म्हणून इथे सावकाश मांडतो. घराच्या सोलरकडे मशीन घेतल्यासारखं बघा. लावलेले पैसे किती वर्षांत सुटतात, हाच पहिला प्रश्न.

केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये सबसिडी. चौथ्या किलोवॉटपासून पुढे काही नाही. नाव 'मुफ्त' असलं तरी पॅनल फुकट मिळत नाहीत, बरं का!

एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि त्यातून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट निघतात. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. महिन्याला धरा १२० युनिट.

आता उदाहरण घेऊ. तुमच्या घरी महिन्याला २५० युनिट लागतात. २ किलोवॉटचं कोटेशन १,४०,००० आणि ३ किलोवॉटचं १,९५,००० आलं असं समजू. वाचणाऱ्या युनिटचा दर ९ रुपये धरू (तुमचा खरा दर स्वतःच्या बिलावरून काढा, स्लॅबप्रमाणे तो बदलतो).

२ किलोवॉट: सबसिडी ६०,००० गेली की खिशातून ८०,०००. महिन्याला २४० युनिट, म्हणजे २,१६० रुपये वाचले. वर्षाचे सुमारे २६,०००. तीन वर्षं आणि थोडे दिवस, पैसे वसूल.

३ किलोवॉट: खिशातून १,१७,०००. युनिट ३६० तयार होतील, पण तुम्ही वापरता २५०च! बचत महिन्याला २,२५०. वसुलीला चार वर्षं चार महिने. विक्रेता म्हणेल, "साहेब, हेही काही वाईट नाही." पण फक्त तिसऱ्या किलोवॉटचा हिशोब करा. त्यासाठी तुम्ही ३७,००० जादा घातले आणि महिन्याला मिळाले ९० रुपये. ते ३७,००० वसूल व्हायला ३४ वर्षं! पॅनलची वॉरंटीच साधारण २५ वर्षांची असते. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची युनिट पुढच्या बिलात जमा होतात हे खरं, पण ३१ मार्चला हिशोब होतो आणि उरलेल्या युनिटला तुम्ही भरता तो दर मिळत नाही. हो, पुढच्या वर्षी घरी केकची ऑर्डर घेणार असाल, मोठा ओव्हन, डीप फ्रीझर येणार असेल, तर ३ किलोवॉट शहाणपणाचं ठरेल. म्हणून आधी मागच्या बारा बिलांची युनिट एका कागदावर लिहा. एका महिन्याच्या बिलावरून ठरवू नका, मे महिन्याचं बिल तर मुळीच नको.

पैशाच्या वेळेकडेही बघा. सबसिडी काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येते. तोवर पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करायची. दिवाळीच्या मालासाठी ठेवलेले पैसे इथे अडकवले तर ऐन सीझनला दुकान रिकामं दिसेल. ३ किलोवॉटपर्यंत बँका तारण न घेता, बऱ्यापैकी कमी व्याजाचं कर्ज देतात, आधी तिथे चौकशी करा. सबसिडीसाठी भारतात बनलेल्या सेलचेच पॅनल लागतात आणि विक्रेता योजनेत नोंदणी झालेला हवा. मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल तर नावबदल आधी उरकून घ्या, अर्ज बऱ्याचदा तिथेच अडतो.

दुकानाच्या कमर्शियल मीटरला ही सबसिडी नाही. तिथे फायदा घसाऱ्याचा. सोलरवर आयकरात वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्मा. दोन लाखांच्या सिस्टीमवर ८०,००० घसारा म्हणजे ८०,००० कर वाचला, असं नाही हं! २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये वाचतात १६,००० आणि वर सेस. अंदाजित नफ्यावर कर भरत असाल तर घसारा वेगळा मिळतच नाही. तुमच्या सीएला कोटेशन दाखवूनच सही करा.

आणि एक, जे विक्रेता स्वतःहून क्वचित सांगतो: बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड सिस्टीम लाइट गेली की सुरक्षेसाठी बंद पडते, भर उन्हातसुद्धा. तुमच्याकडे रोज दोन तास लाइट जात असेल, तर इन्व्हर्टरचा खर्च वेगळा धरा.