एका कढईंतील पास्ता

कोंकणांत आमच्या घरीं भाताची पेज ओतून देणें हा उधळेपणा समजत. इटलीच्या पास्त्यासही हाच नियम लागू आहे, हें मला एका फजितीनें शिकविलें.

गेल्या सुट्टींत मीं पास्ता पुष्कळ पाण्यांत उकडला व तें पाणी मोरींत ओतलें. भाज्या निराळ्या परतल्या आणि सर्व एकत्र करून, वर किसलेलें चीज घालून खूप तापविलें. चीजच्या चिवट गुठळ्या झाल्या, तेल बाजूस सुटलें व मुलांनीं ताटें तशींच सारिलीं.

याचें कारण असें. पास्ता ड्युरम नामक कठीण गव्हाच्या रव्याचा करितात. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. तो शिजतांना त्यांतील पिष्ट पाण्यांत उतरतें. चीज फार तापलें कीं त्यांतील प्रथिनें एकमेकांस घट्ट धरितात व स्निग्धांश वेगळा होतो. पिष्ट मध्यें असल्यास तें असें होऊं देत नाहीं. रोमच्या चीज-मिरीच्या पास्त्यावर इटालियन शास्त्रज्ञांनीं इ. स. २०२५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चीजच्या वजनाच्या शेंकडा दोन-तीन इतकें पिष्ट यास पुरतें, असें दिसलें. तें पिष्टच मीं मोरींत ओतलें होतें!

आतां कृति. पसरट कढईंत दोन चमचे तेलावर एक कांदा व चार लसूणपाकळ्या परताव्या. चिरलेलें गाजर, भोपळी मिरची, दोन टोमॅटो व वाटीभर मटार घालावे. त्यांत पाव किलो पास्ता, पाऊण लिटर पाणी व थोडें मीठ घालावें. पाणी टाकावयाचें नसल्यानें सारें मीठ पदार्थांतच राहतें, शिवाय चीजही खारट असतें, हें विसरूं नये. दहा-बारा मिनिटें शिजवावें व वरचेवर तळापासून ढवळावें. न ढवळल्यास पिष्ट खालीं लागून करपतें. पास्ता मऊ होऊन दाट रस उरला कीं कढई उतरवावी. मिनिटभर थांबून १०० ग्रॅम किसलेलें चीज मुठीमुठीनें घालीत ढवळावें. फार घट्ट वाटल्यास थोडें ऊन पाणी घालावें.

दुसऱ्या खेपेस मीं असेंच केलें, आणि कढई पुसून खाल्ली गेली.

पालकांस एक विनंती: हा पाठ मुलींप्रमाणें मुलग्यांकडूनही करवून घ्यावा. घासावयास भांडें एकच. तेंही त्यांनींच घासावें, म्हणजे आईच्या श्रमांची किंमत त्यांस कळेल.