पडलेल्या घराचे सातत्य : पुनर्बांधणीच्या नियमांमागील एक संकल्पना

नवी दिल्लीत इंडिया गेटकडून कोपर्निकस मार्गाने मंडी हाऊस चौकाकडे जाताना वास्तू आणि तिचा वापर यांच्या संबंधाचा जणू वस्तुपाठच पाहावयास मिळतो. बडोद्याच्या गायकवाडांसाठी लट्यन्स यांनी आखलेल्या बडोदा हाऊसमध्ये उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसते. दोन्ही ठिकाणी वास्तू राहिली, वापर पालटला. मंडीच्या राजाच्या ज्या वाड्यावरून चौकाला नाव पडले तो वाडा मात्र पाडला गेला; नाव तेवढे उरले. म्हणजे ‘इमारत टिकली’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय टिकलेले असते? भिंती, वापर, नाव, की तेथे राहणारी माणसे? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आगीने जळालेली किंवा कोसळलेली जुनी इमारत पुन्हा बांधावयाची झाल्यास नगररचनेच्या नियमांना त्याचे उत्तर द्यावेच लागते. ते उत्तर कसे दिले जाते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. विकास आराखडा नगराच्या भूमीची वापरानुसार विभागणी करतो, आणि त्याबरोबरचे नियम इमारतीची उंची, मोकळी जागा व चटईक्षेत्र ठरवितात. नियम होण्यापूर्वी उभ्या राहिलेल्या काही इमारती अर्थातच या चौकटीत बसत नाहीत. त्यांना ‘विसंगत’ म्हणतात. ही विसंगती दोन प्रकारची असते. निवासी विभागात पूर्वीपासून चालत आलेला छापखाना हे वापराच्या विसंगतीचे उदाहरण. आज अनुज्ञेय असलेल्यापेक्षा अधिक चटईक्षेत्र व्यापणारी जुनी चाळ हे रचनेच्या विसंगतीचे. या दोहोंची गल्लत केल्यास पुढील सर्व विवेचन फसते.

अशा इमारतींना कायदा सहसा एकदम हात लावीत नाही. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या नियमांनी पूर्वीचे वापर चालू राहू दिले. दिल्ली विकास अधिनियम, १९५७ याच्या कलम १४ चे परंतुकही त्याच मार्गाने जाते : योजना अमलात येण्याच्या दिवशी जो वापर ज्या प्रमाणात चालू होता, तो त्याच प्रमाणात, विहित अटींवर चालू ठेवता येतो. दिल्लीची पहिली बृहद्‌योजना १ सप्टेंबर १९६२ रोजी अमलात आली. मात्र या सहिष्णुतेच्या पोटी एक अपेक्षा दडलेली असते. आज ना उद्या काळ या इमारतींना संपवील आणि आराखडा आपोआप पुरा होईल, ही ती अपेक्षा. म्हणूनच अमेरिकेतील अनेक नगरांत इमारतीची हानी तिच्या मूल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर नवी इमारत चालू नियमांप्रमाणेच बांधावी लागते. येथे सातत्य भिंतींत मानलेले आहे. भिंती गेल्या की संरक्षणही गेले.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतो, की रथ म्हणजे चाके, की आस, की दांडी? सुटा कोणताही भाग रथ नव्हे. भागांच्या जुळणीला आपण दिलेले ते व्यवहारातले नाव आहे. नगररचनेचे नियमही असेच नाव देण्याचे काम करीत असतात, आणि कोणत्या भागाला प्राधान्य द्यावयाचे ते हेतूनुसार ठरते. नव्या दिल्लीच्या बंगला क्षेत्रासाठी १९८८ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूत्रांत जुन्या बंगल्याच्या जागी येणाऱ्या घराचे जोते-क्षेत्र पूर्वीइतकेच आणि उंची पूर्वीपेक्षा अधिक नसावी, असे सांगितले आहे. तेथे जपावयाची आहे ती आकृती. घरात कोण राहत होते, हा प्रश्नच त्या सूत्रांत उद्भवत नाही.

मुंबईत तो प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालील जुन्या इमारतींची डागडुजी रखडली, त्या कोसळू लागल्या. त्यांच्या दुरुस्तीसाठी व पुनर्रचनेसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून मंडळ स्थापावे लागले. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील विनियम ३३(६) ने आगीत नष्ट झालेल्या, कोसळलेल्या वा पाडलेल्या इमारतींचा विचार केला. १० जून १९७७ रोजी किंवा त्यानंतर अस्तित्वात असलेली अशी इमारत पुन्हा बांधताना मूळचे चटईक्षेत्र किंवा चालू नियमांनी अनुज्ञेय असलेले, यांपैकी जे अधिक असेल ते मिळू शकते. त्याला जुन्या भोगवटादारांना सामावून घेण्याच्या अटी जोडलेल्या आहेत.

याचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने पाहू. चारशे चौरस मीटरांच्या भूखंडावर एक हजार चौरस मीटरांची चाळ होती आणि प्रत्येक बिऱ्हाडाला पंचवीस चौरस मीटर जागा होती, असे समजा. जिना आणि भिंती हिशेबात न धरता तेथे चाळीस बिऱ्हाडे होतात. शहर भागासाठी त्या नियमावलीत सर्वसाधारण निर्देशांक १.३३ होता. त्यानुसार ५३२ चौरस मीटरच बांधता येतात आणि एकवीस बिऱ्हाडे मावतात. उरलेली एकोणीस कोठे जाणार? भिंतींचे सातत्य मानणाऱ्या नियमापाशी याला उत्तर नाही. मुंबईच्या नियमापाशी आहे, कारण त्याने सातत्य भिंतींतून काढून माणसांत ठेवले.

या संदर्भात ‘भोगवटादार’ हा शब्द लक्षणीय आहे. ‘मालक’ या शब्दात स्वामित्व आहे. ‘भोगवटा’ या शब्दात प्रत्यक्ष राहणे, वापरणे, ताबा असणे आहे. इमारत पडल्यावर मालकाची जमीन शिल्लक राहते. भोगवटा मात्र जागेलाच चिकटलेला असल्याने जागेबरोबर लुप्त व्हावयाचा. नियम त्याला लुप्त होऊ देत नाही. नसलेली खोली तो कागदावर असलेली धरतो.

तथापि या कल्पनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत रहिवाशांसह कोसळली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. चटईक्षेत्र इमारतीमागे उरते, माणूस उरत नाही. शिवाय चटईक्षेत्र मंजूर होणे आणि घराची किल्ली हाती येणे यांत संक्रमण शिबिरातील वर्षे जाऊ शकतात. आणि भोगवटा सिद्ध करणारी भाडेपावती बहुधा त्याच ढिगाऱ्याखाली असते.

म्हणून असा नियम वाचताना अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत. विसंगती वापराची आहे की रचनेची? संरक्षण कोणत्या दिनांकापासून मोजले आहे? आणि सातत्य कशात मानले आहे : भिंतींत, आकृतीत, की भोगवट्यात? पहिल्या दोहोंची उत्तरे नियमात सापडतात. तिसऱ्याचे बहुधा लिहिलेले नसते. पण घर पडल्यावर कोण परत येऊ शकेल, हे त्यावरच ठरते.