गाळा मालकाचा, परवाना तुमचा

प्रश्न : माझी बिअर शॉपी भाड्याच्या गाळ्यात आहे. करार मार्चअखेर संपतोय. ‘भाडं दुप्पट करा, नाहीतर लायसन माझ्या नावावर करा,’ असा मालकाचा हट्ट आहे. काय करू?

उत्तर : घाबरून कशावरही सही करू नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय परवाना कुणाच्या नावावर होत नाही. स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंत तर उलट तुम्हीच गोत्यात याल. खरी मेख जागेची आहे. परवान्याचं वर्षही ३१ मार्चलाच संपतं, आणि मालक नेमका तोच मुहूर्त गाठतात! नूतनीकरणाचा अर्ज आत्ताच लावा. करार नोंदणीकृत आहे का, पाहा. भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची. भाडं बँकेतूनच भरा. बोलणी फिसकटली तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे स्थलांतराचा अर्ज करा. मात्र शाळा-मंदिरापासूनचं अंतर आधी मोजून घ्या.