परिचारिकेचा प्रश्न आणि संशोधनाचा शोध

रुग्णाच्या हातातील शिरेत बसविलेली बारीक लवचिक नळी, जिला आपल्या रुग्णालयांत सर्रास कॅन्युला म्हणतात, ती किती दिवसांनी बदलावी? प्रश्न लहान दिसतो; परंतु ज्या रुग्णाची शीर सहजासहजी सापडत नाही, त्याला दर तीन-चार दिवसांनी नव्याने सुई टोचावी लागली म्हणजे तो लहान राहत नाही. उलटपक्षी नळी अधिक काळ तशीच ठेवली आणि तिच्यावाटे जंतू रक्तात शिरले, तर प्रसंग प्राणावर बेतू शकतो. नळीवर लक्ष ठेवणे व ती वेळेवर काढणे हे काम बहुतेक ठिकाणी परिचारिकेचेच असते. तेव्हा ह्या प्रश्नाचे उत्तर तिला ठाऊक असावे, आणि ते उत्तर कोठून आले हेही तिला सांगता यावे, अशी अपेक्षा बाळगणे वावगे होणार नाही.

पूर्वी असे उत्तर वरिष्ठ परिचारिकेकडून, डॉक्टरांकडून किंवा पाठ्यपुस्तकातून मिळे. हे मार्ग आजही बंद झालेले नाहीत. तथापि पाठ्यपुस्तक लिहून, छापून विद्यार्थिनीच्या हाती पडेपर्यंत काही वर्षे लोटतात, आणि वॉर्डातील रीत ही पुष्कळदा केवळ रीत असते. ती कोणी व का सुरू केली हे विचारू गेल्यास सांगणारा कोणी सापडत नाही. आता इंटरनेटमुळे जगातील संशोधन मोबाइलच्या पडद्यावर आले आहे खरे, परंतु त्याच पडद्यावर औषधांच्या जाहिराती, अर्धवट बातम्या आणि कोणाचे तरी अनुभवकथनही येते. सामान्य शोधयंत्र ही सर्व पाने एकाखाली एक मांडते. तो क्रम लोकप्रियतेचा असेल, जाहिरातीच्या पैशाचा असेल. सत्यासत्यतेचा मात्र नसतो. म्हणून आरोग्यविषयक संशोधन पाहावयाचे असल्यास प्रथम त्यासाठीच बांधलेल्या सूचीकडे जावे.

अशा सूचीची कल्पना इंटरनेटहून बरीच जुनी आहे. अमेरिकन सैन्यातील शल्यवैद्य जॉन शॉ बिलिंग्ज ह्यांनी १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची छापील सूची सुरू केली. लेखांची संख्या वाढत गेली तसतशी ती हाताने जुळविणे अवघड होऊ लागले, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६४ साली हे काम संगणकाकडे सोपविले. १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ सुरू झाली; १९९७ मध्ये तीच ‘पबमेड’ ह्या नावाने इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुली झाली. २००४ नंतर छापील इंडेक्स मेडिकस निघेनाशी झाली. आज पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत. मेरीलँडमधील ग्रंथालयातल्या सूचीचा उपयोग नांदेडच्या किंवा जबलपूरच्या परिचारिकेला घरबसल्या करता येतो, ही साधी गोष्ट नव्हे.

परंतु साडेतीन कोटी नोंदींच्या दारात ‘कॅन्युला’ एवढाच शब्द घेऊन उभे राहणे म्हणजे धान्याच्या कोठारात एक दाणा शोधावयास जाण्यासारखे आहे. शोधाला बसण्यापूर्वी प्रश्न नीट घडवावा लागतो. १९९५ पासून ह्यासाठी एक सोपी रीत वैद्यकीय शिक्षणात रूढ झाली आहे. प्रश्नाचे चार भाग पाडावयाचे: रुग्ण कोणता, त्याच्यासाठी काय करावयाचे, त्याची तुलना कशाशी, आणि कोणता परिणाम मोजावयाचा. आपल्या उदाहरणात रुग्ण म्हणजे हातात कॅन्युला असलेला प्रौढ मनुष्य; करावयाचे ते असे की दुखणे, सूज, लाली किंवा अडथळा दिसला तरच नळी बदलणे; तुलना ठरावीक काळाने, म्हणजे ७२ ते ९६ तासांनी, ती नेमाने बदलण्याशी; आणि परिणाम म्हणजे शिरादाह व रक्तातील जंतुसंसर्ग. प्रश्न असा लिहून काढला की शोधाचे शब्द त्यातूनच आपोआप हाती येतात.

हे शब्द इंग्रजीतच द्यावे लागतात, कारण सूची इंग्रजीत आहे. त्यात एक सोय मात्र आहे. एकाच गोष्टीला निरनिराळे लेखक निरनिराळी नावे देतात, म्हणून ग्रंथालयाने १९६० पासून ठरावीक विषयनामांचा एक कोश ठेवला आहे. लेखांना त्यातील योग्य ती विषयनामे जोडली जातात. हातापायांच्या शिरांतील नळीसाठी ह्या कोशात ‘कॅथेटरायझेशन, पेरिफेरल’ असे नाव आहे. ते दिले, की लेखकाने कॅन्युला म्हटले असो वा कॅथेटर, त्याचा लेख पुढे येतो. दोन शब्द ‘अँड’ ह्या इंग्रजी अव्ययाने जोडल्यास दोन्ही असलेले लेख मिळतात व यादी आखडते. ‘ऑर’ने जोडल्यास कोणताही एक असलेले मिळतात व यादी रुंदावते. नवशिक्या व्यक्तीकडून येथे उलटापालट फार होते. हाती आलेली यादी लेखांच्या प्रकारानुसार गाळण्याची सोयही डाव्या बाजूस दिलेली असते.

लेखांचा प्रकार हा येथे खरा कळीचा मुद्दा आहे. समजा, एका रुग्णालयाने आपल्या नोंदवह्या उघडल्या व पाच दिवस टिकलेल्या नळ्यांची तुलना दोन दिवसांत काढलेल्या नळ्यांशी केली. पाच दिवसांच्या नळ्या अधिक निर्दोष आढळल्या, तर त्यावरून ‘नळी जितकी जुनी तितकी बरी’ असा निष्कर्ष काढता येईल काय? अर्थातच नाही. ज्या नळ्या बिघडल्या त्या आधीच काढल्या गेल्या. पाचव्या दिवसापर्यंत पोचल्या त्या मुळातच चांगल्या होत्या. हा दोष टाळण्यासाठी कोणत्या रुग्णाने कोणत्या गटात जावे हे आधीच, चिठ्ठ्या टाकल्यासारखे, केवळ योगायोगावर सोपवावे लागते. अशा परीक्षेस यादृच्छिक नियंत्रित चाचणी म्हणतात. आणि एकाच प्रश्नावरील अशा सर्व चाचण्या ठरलेल्या नियमांनी शोधून, पारखून एकत्र मांडल्या म्हणजे त्यास पद्धतशीर आढावा म्हणतात. ब्रिटिश वैद्य आर्ची कॉक्रन ह्यांनी १९७२ साली अशा पुराव्याची निकड एका छोट्या पुस्तकात मांडली, आणि १९९३ मध्ये त्यांच्या नावाची संघटना हे आढावे तयार करू लागली. प्रत्येक आढाव्याबरोबर सोप्या भाषेतील एक सारांश असतो. सवड थोडी असेल तेव्हा वाचनाचा आरंभ तेथूनच करावा, असे आमचे मत आहे.

आता आपल्या प्रश्नाचे काय झाले ते पाहू. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतातील तीन रुग्णालयांत क्लेअर रिकार्ड ह्यांच्या नेतृत्वाखाली एक मोठी चाचणी झाली व तिचा वृत्तांत २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. रिकार्ड ह्या स्वतः परिचारिका होत, हे मुद्दाम सांगावयास हवे. चाचणीत ३,२८३ रुग्ण होते. नेमाने नळी बदललेल्या गटात ७ टक्के रुग्णांना शिरादाह झाला. गरज भासली तरच बदललेल्या गटातही ७ टक्केच. कॉक्रन संघटनेचा ह्या विषयावरील आढावा २०१९ मध्ये अद्ययावत झाला तेव्हा त्यात ९ चाचण्या व ७,४१२ रुग्ण होते, आणि दोन्ही पद्धतींत स्पष्ट फरक आढळला नव्हता. म्हणजे नेमाने टोचलेल्या कित्येक सुया अनावश्यक होत्या, असे म्हणावयास जागा होती.

येथेच थांबले असते तर शोध सोपा झाला असता. परंतु २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठाच्या रुग्णालयांतून निराळी वार्ता आली. तेथे एप्रिल २०१८ पासून दर ९६ तासांनी नळी बदलण्याचा नियम सोडून देण्यात आला होता. एकंदर ४,१२,६३१ नळ्यांच्या नोंदी पाहता असे दिसले, की नियम असताना नळीमुळे झालेले रक्तातील संसर्ग ११ होते, तर नियम सोडल्यानंतरच्या काळात ते ४६ झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये जुना नियम पुन्हा लागू केल्यावर प्रमाण पुन्हा खाली आले.

मग खरे कोणते मानावे? जिनिव्हाचे संशोधन ही यादृच्छिक चाचणी नव्हती. आधीच्या व नंतरच्या काळाची ती तुलना होती, आणि काळाबरोबर दुसरेही काही बदललेले असू शकते. ह्या दृष्टीने चाचणीचा पुरावा अधिक सबळ ठरतो. परंतु रक्तातील संसर्ग ही अत्यंत विरळ घटना आहे. साडेसात हजार रुग्णांतही तिची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मिळतात, आणि एवढ्यावरून दोन गटांत फरक नाही असे ठामपणे सांगता येत नाही. चार लाख नळ्यांत मात्र ती दिसू लागते. शिवाय ‘गरज भासली तर बदला’ हा नियम गरज ओळखणारे कोणी असेल तरच सुरक्षित होय. चाचणीत रुग्णांकडे लक्ष देणारे संशोधक नेमलेले असतात. एका परिचारिकेकडे तीस-चाळीस खाटा असतील, तेथे प्रत्येक पाळीला प्रत्येक नळी उघड्या डोळ्यांनी पाहिली जाईलच, हे कोणी सांगावे? दूरच्या संशोधनाचा निष्कर्ष आपल्या वॉर्डात आणताना आपल्या खाटा, आपले मनुष्यबळ आणि आपले रुग्ण हिशेबात धरावेच लागतात. जिची गरज उरलेली नाही ती नळी ताबडतोब काढावी, ह्याविषयी मात्र वाद नाही.

लेख सूचीत आहे म्हणून तो निर्दोष आहे, असेही समजू नये. २२ मे २०२० रोजी त्याच लॅन्सेटमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ह्या औषधाविषयी सुमारे ९६,००० रुग्णांच्या माहितीवर आधारलेला लेख प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग काही काळ थांबविला. परंतु मूळ माहिती तपासावयास मिळेना, तेव्हा ४ जून रोजी लेखकांनीच लेख मागे घेतला. पबमेडमध्ये अशा लेखाच्या नोंदीवर तो मागे घेतल्याची सूचना ठळकपणे असते. परंतु कोणी पाठविलेल्या प्रतीवर ती नसते. म्हणून हाती आलेला लेख मूळ नोंदीशी ताडून पाहावा. काही नियतकालिके तर लेखकाकडून शुल्क घेऊन, तज्ज्ञांकडून परीक्षण न करविताच वाटेल ते छापतात. शुल्क घेणे हा स्वतः दोष नव्हे, परीक्षणाचा अभाव हा दोष होय. भारतातील चाचणी असेल तर आणखी एक कसोटी आहे. २० जुलै २००७ पासून आपल्या देशात वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही इंटरनेटवर खुली आहे, आणि १५ जून २००९ पासून तीत नोंद करणे बंधनकारक झाले. चाचणी सुरू होण्यापूर्वी कोणता परिणाम मोजण्याचे ठरले होते व लेखात कोणता सांगितला, हे तेथे पडताळून पाहता येते.

राहता राहिला प्रश्न संपूर्ण लेख मिळविण्याचा. पबमेडवर गोषवारा बहुधा मिळतो, परंतु मूळ लेखासाठी पुष्कळदा भारी रक्कम मागितली जाते. केवळ गोषवाऱ्यावर निर्णय घेणे धोक्याचे आहे. दुष्परिणामांचा तपशील बहुधा आतल्या कोष्टकांत दडलेला असतो. २००० साली सुरू झालेल्या ‘पबमेड सेंट्रल’मध्ये लक्षावधी लेख संपूर्ण व विनामूल्य आहेत, तेव्हा प्रथम तेथे पाहावे. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ह्या योजनेने केंद्र व राज्य शासनांच्या उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली. शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थिनीस ह्याचा लाभ होतो. तालुक्याच्या खाजगी रुग्णालयातील परिचारिका त्यातून सुटते. तिने जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे जावे, किंवा लेखकालाच पत्र पाठवून प्रत मागावी. लेखकाचा ई-मेल पत्ता लेखावर बहुधा असतो, आणि अशी मागणी आनंदाने पुरविणारे लेखक पुष्कळ आहेत.

शोध संपल्यावर वापरलेले शब्द, पाहिलेली सूची व तारीख एका वहीत टिपून ठेवावी. कॅन्युलाविषयीचा आढावा २०१०, २०१३, २०१५ व २०१९ असा चार वेळा लिहिला गेला. वहीतील तारखेवरून पुढील पाळीच्या परिचारिकेला कोठून पुढे पाहावयाचे ते कळते.